लॅपटॉपची बॅटरी घरच्या घरी बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"चार्जर काढला की दहा मिनिटांत बंद पडतो, आता नवीनच घ्यावा लागणार." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कोणी बोलायला लागलं की मी आधी स्क्रूड्रायव्हर शोधतो. गेली सात-आठ वर्षं नात्यातले आणि शेजारपाजारचे लॅपटॉप मी उघडतोय. बरेचसे कंपन्यांनी वापरून विकलेले, कॉलेजच्या मुलांनी सेकंडहँड घेतलेले. त्यातल्या बहुतेकांचा प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड ठणठणीत असतो, फक्त बॅटरी थकलेली असते. तीही काही विकत घेणाऱ्याच्या चुकीने नाही, तर लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्यच तेवढं असतं म्हणून. लोक मला जे प्रश्न विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बॅटरीच गेली आहे हे कशावरून ओळखायचं?

अंदाजावर जाऊ नका, मोजा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी' टाइप करा (इंग्रजी स्पेलिंगमध्ये, 'पॉवर' शब्दाला जोडून सी, एफ, जी). मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहा आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे बघायचे. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती ऊर्जा मावायची, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावते. दुसऱ्याला पहिल्याने भागा, शंभराने गुणा. समजा ६०,००० मिलीवॉट-अवरच्या जागी २७,००० उरले असतील, तर बॅटरी ४५ टक्क्यांवर आहे. काही लॅपटॉपवर 'सायकल काउंट' (बॅटरी किती वेळा भरून वापरली तो आकडा) हाही दिसतो, काहींवर ती जागा रिकामी असते. रिकामी असली तरी बिघडत नाही.

मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर 'बॅटरी हेल्थ' सापडते. लिनक्स वापरणाऱ्यांना 'यूपॉवर' ठाऊक असेलच.

किती टक्क्यांवर आल्यावर बदलावी?

८० टक्क्यांच्या वर असेल तर पैसे घालवू नका. ६०-७० च्या आसपास असेल तर तुमचं काम अडतंय का ते बघा. घरी टेबलावर चार्जर लावूनच वापरत असाल तर अजून वर्षभर निघू शकेल. पण टक्का काहीही असो, तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल तर बदलाच. असं होतं कारण जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. प्रोसेसरने जरा जोर मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि लॅपटॉपला वाटतं बॅटरी संपली.

टक्का चांगला आहे, तरी 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसतं. बॅटरी बदलू?

थांबा! इथे लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

पहिली शक्यता अशी की लॅपटॉपमध्ये चार्जिंगची मर्यादा लावलेली आहे. लेनोवोत 'कन्झर्वेशन मोड', एसुसमध्ये 'मायएसुस' ॲपमधली ८० टक्क्यांची सोय, डेलमध्ये बायोसमधलं (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावरचं) चार्जिंगचं सेटिंग असं काहीतरी चालू असतं आणि बॅटरी ६० किंवा ८० वर मुद्दाम थांबते. हा बिघाड नाही.

दुसरी शक्यता चार्जरची. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरला मधोमध एक बारीक सुई असते. लॅपटॉप त्या सुईतून चार्जरची ओळख पटवून घेतो. ती वाकली, तुटली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, शिवाय प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवला जातो. माझ्या भाच्याने अशाच लक्षणांवरून एका दुकानात नवी बॅटरी बसवून घेतली. घरी आला तर तक्रार तशीच! मित्राचा चार्जर लावून पाहिला आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. त्यामुळे बॅटरी मागवण्याआधी त्याच कंपनीचा, तितक्याच वॉटचा दुसरा चार्जर कोणाकडून तरी मागून लावून पाहा.

टचपॅड वर उचलल्यासारखा झालाय, क्लिक होत नाही. याचा बॅटरीशी काय संबंध?

सरळ संबंध आहे, आणि हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा अगदी शेजारी असते. सेलच्या आतला द्राव विघटित होऊन वायू तयार झाला की चपटं पाकीट उशीसारखं फुगतं आणि वरचा टचपॅड, कीबोर्ड किंवा खालचं झाकण ढकलायला लागतं. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, डगमगतो. झाकणाच्या कडेला फट दिसते.

असं दिसलं की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तो पुन्हा चार्ज करू नका. "अजून चालतोय ना, परीक्षा झाली की बघू" असं करू नका. तो फुगवटा दाबून सपाट करायचा नाही, सुई टोचून हवा काढायची नाही, झाकण जोर लावून बंद करायचं नाही. आतला पडदा फाटून धन आणि ऋण थर एकमेकांना टेकले तर सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो, आणि ती आग बाहेरून रोखता येत नाही.

थोडीशी फुगलेली, स्क्रूने बसवलेली बॅटरी जपून काढता येते. मीही काढल्या आहेत. पण तुम्ही पहिल्यांदाच लॅपटॉप उघडत असाल तर फुगलेल्या बॅटरीवर शिकू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. आणि बॅटरी फुगलेली आणि गोंदाने चिकटवलेली अशी दोन्ही असेल तर अनुभव असला तरी घरी हात लावू नका.

काम करताना धूर यायला लागला तर?

फसफस आवाज, नेलपेंट रिमूव्हरसारखा गोडसर वास किंवा पांढरा धूर आला तर लगेच लांब व्हा. बॅटरी सुटी असेल, हाताशी चिमटा असेल आणि अंगण किंवा गच्ची दोन पावलांवर असेल तरच बाहेर टाका, नाहीतर तिला तिथेच सोडा. सगळ्यांना खोलीबाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. त्या धुरात विषारी वायू असतात, म्हणून तोंडाला रुमाल बांधून आत जाण्याचं धाडस नको. लिथियम-आयनवर पाणी टाकू नये असं बरेच जण सांगतात. ती ताकीद खरं तर शुद्ध लिथियम धातूच्या बॅटरीला लागू आहे. लॅपटॉपच्या बॅटरीवर भरपूर पाणी ओतल्याने शेजारचे सेल थंड राहतात. फक्त चार्जर भिंतीतून काढलेला असला पाहिजे.

हे वाचून घाबरू नका. चांगल्या स्थितीतली बॅटरी नीट काढली तर असं काही होत नाही. तरीही मी टेबलाखाली कोरड्या वाळूची एक बादली ठेवतो.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी घरी बदलण्यासारखी आहे का?

लॅपटॉप उलटा करून बघा. मागच्या बाजूला सरकवायची खिटी असेल तर तुमचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे. लॅपटॉप बंद करा, खिटी सरकवा, जुनी काढा, नवी खट् आवाज येईपर्यंत बसवा. २०१५ च्या आसपासपर्यंतचे बरेच घरगुती लॅपटॉप असेच होते.

खिटी नसेल तर बॅटरी आत आहे. बहुतेक डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी प्रोबुक आणि कितीतरी साध्या लॅपटॉपमध्ये ती स्क्रूने बसवलेली असते. खालचं झाकण निघालं की समोरच दिसते. ही घरी बदलता येते. मॅकबुक आणि काही अतिपातळ लॅपटॉपमध्ये ती चिकटवलेली असते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पक्कं उत्तर हवं असेल तर कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. डेल, एचपी आणि लेनोवो ही मॅन्युअल आपापल्या साइटवर फुकट देतात. मॉडेलचं नाव टाकून शोधलं की स्क्रू कुठे आहेत, किती लांबीचे आहेत, कनेक्टर कसा निघतो ते चित्रांसह मिळतं. यूट्यूबचा व्हिडिओ नंतर बघा, आधी हे. 'आयफिक्सइट' या दुरुस्तीच्या वेबसाइटवरही बऱ्याच मॉडेलची फोटोंसह कृती आहे.

वॉरंटीचं काय?

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका, तक्रार नोंदवा. मात्र एक गोष्ट कागदावर तपासा. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष असतं.

योग्य बॅटरी कशी शोधायची?

लॅपटॉपच्या मॉडेलवरून नाही, बॅटरीवरच्या नंबरावरून. हे मी ज्याला त्याला सांगतो, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असू शकतात. डेल लॅटिट्यूड ७४९० चंच बघा. सेकंडहँड बाजारात हा लॅपटॉप भरपूर मिळतो. त्यात कधी ४२ वॉट-अवरची तीन सेलची बॅटरी असते, कधी ६० वॉट-अवरची चार सेलची. पहिली ११.४ व्होल्टची, दुसरी ७.६ व्होल्टची. नुसतं "७४९० ची बॅटरी द्या" म्हटलं तर दुकानदार हातात येईल ती देईल.

म्हणून बॅटरी मागवण्याआधी एकदा झाकण उघडा, लेबलचा फोटो काढा आणि झाकण परत लावा. फोटोत तीन गोष्टी स्पष्ट आल्या पाहिजेत : बॅटरीचा प्रकार किंवा पार्ट नंबर (लेनोवोत याला एफआरयू नंबर म्हणतात), व्होल्ट आणि वॉट-अवर. कनेक्टरचाही फोटो घ्या, तारा डावीकडून निघतात की उजवीकडून ते त्यात दिसू द्या. बॅटरीवरचा नंबर विंडोजच्या त्या रिपोर्टमध्येही बरेचदा येतो, पण डोळ्यांनी पाहिलेलं जास्त खरं.

व्होल्ट थोडे वेगळे आहेत, चालेल का?

१०.८ आणि ११.१ हे एकच समजा, तसंच १४.४ आणि १४.८. तीन सेल एकामागे एक जोडले की प्रत्येकी ३.६ धरून १०.८ होतात, ३.७ धरून ११.१. फरक लेबल लिहिणाऱ्याच्या पद्धतीचा आहे. ११.१ च्या जागी १४.८ मात्र चालणार नाही, कारण त्यात एक सेल जास्त आहे. वर सांगितलेल्या डेलसारख्या लॅपटॉपमध्ये दोन्ही चालतात ते कंपनीने मुळात तशी सोय केलेली असते म्हणून. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर प्रयोग नको.

वॉट-अवर जास्त असले तर उलट चांगलंच, पण बॅटरी जागेत बसली पाहिजे. मोठी बॅटरी कधीकधी हार्ड डिस्कची जागा घेते.

फक्त 'एमएएच' (मिलीअँपिअर-अवर, हजार म्हणजे एक अँपिअर-अवर) बघून तुलना करू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर, आणि खरी साठवण तीच. ७.६ व्होल्टची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३८ वॉट-अवर. ११.४ व्होल्टची ४,००० एमएएचची बॅटरी ४५ च्या वर जाते. आकडा लहान, ऊर्जा जास्त.

ओरिजिनल घ्यावी की कम्पॅटिबल?

कम्पॅटिबल म्हणजे तुमच्या लॅपटॉपला चालेल अशी, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेली बॅटरी. परवडत असेल आणि मिळत असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून ओरिजिनल. महाग पडते, पण डोक्याला ताप नाही.

जुन्या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी मात्र बरेचदा मिळतच नाही, किंवा मिळते ती चार वर्षं गोदामात पडून असलेली. लिथियम-आयन नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, त्यामुळे असली "नवी ओरिजिनल" घेण्यापेक्षा चांगल्या नावाची ताजी कम्पॅटिबल बरी. लेबलवर उत्पादनाची तारीख शोधा. मी वर्षापेक्षा जुनी घेत नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक आयएस १६०४६ नुसार नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूसाठी दिलाय ते समोर येतं. बॅटरीवर क्रमांक नसेल किंवा तो चार्जरचा निघाला तर ती बॅटरी घरात आणू नका.

मी एकदा ऑनलाइन फार स्वस्त बॅटरी घेतली होती. रिपोर्टमध्ये क्षमता पूर्ण दिसत होती, पण प्रत्यक्षात लॅपटॉप पन्नास मिनिटं चालायचा. बॅटरीतल्या चिपमध्ये हवा तो आकडा लिहून ठेवता येतो हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी नवी बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून जुनीशी ताडून पाहतो. वॉट-अवर तितकेच आणि वजन बरंच कमी, असं कसं होईल?

दुकानातून घ्यायची असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. तिथे जुनी बॅटरी सोबत न्या, दोन्ही शेजारी ठेवून कनेक्टर बघा, आणि पावतीवर बॅटरीचा नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

दुकानदार म्हणतो, आतले सेल बदलून देतो, निम्म्यात काम होईल. करू का?

नको. जुने-नवे सेल एकत्र, हाताने केलेलं वेल्डिंग आणि संरक्षण सर्किट नीट जुळलंय की नाही याची काही खात्री नाही. ही गोष्ट तुमच्या मांडीवर असणार आहे.

कोणती हत्यारं लागतील?

बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पीएच० आणि पीएच१ या मापाचे. घड्याळवाल्याचा स्वस्त संच नको, त्याने स्क्रूच्या खाचा झिजतात आणि मग स्क्रू निघता निघत नाही. काही लॅपटॉपना टी५ टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखा) लागतो, मॅकबुकला पाच पाकळ्यांचा पी५. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक. सुरी, कात्री, लोखंडी पट्टी टेबलावरही ठेवू नका.

स्क्रूंसाठी माझी पद्धत अशी : एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्याही चालतात, पण पुठ्ठा जास्त खात्रीचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि आखूड भोकात लांब स्क्रू पिळला तर तो वर कीबोर्डच्या बाजूला फुगवटा आणतो किंवा मदरबोर्डमध्ये घुसतो.

उघडण्याआधी काय करायचं?

महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा.

विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे विंडोजच्या 'बिटलॉकर' या सोयीने कुलूपबंद केलेली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बॅटरी काढल्यावर किंवा बायोसमध्ये काही बदलल्यावर काही लॅपटॉप चालू होताना ती ४८ आकडी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण लॅपटॉप अडून बसल्यावर शोधण्यापेक्षा आधीच काढलेली बरी.

बॅटरी २५-३० टक्क्यांपर्यंत उतरवा. सेलमध्ये ऊर्जा कमी असली की चुकून काही झालंच तर नुकसान कमी होतं.

मग चार्जर काढा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजचं नेहमीचं 'शट डाउन' पूर्ण बंद करत नाही, म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. थिंकपॅड असेल तर बायोसमध्ये जाऊन (सुरू होताना एफ१) 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. त्याने आतला वीजपुरवठा तोडला जातो आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत लॅपटॉप चालू होत नाही. ही सोय मला फार आवडते. इतर कंपन्यांच्याही काही मॉडेलमध्ये ती असते.

प्रत्यक्ष बॅटरी कशी बदलायची?

कोरड्या लाकडी टेबलावर सुती कापड पसरा. लॅपटॉप उलटा ठेवा. हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढा. सुरुवात करण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा.

खालचे स्क्रू सैल करा. लॅटिट्यूड आणि थिंकपॅडमध्ये बरेचदा ते झाकणातच अडकून राहतात, पूर्ण बाहेर येत नाहीत, त्यामुळे ओढू नका. काही लॅपटॉपमध्ये एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. सगळे निघाले असं वाटूनही झाकण एका जागी अडलं तर जोर न लावता तो लपलेला स्क्रू शोधा. कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवा. टक टक असा आवाज येतो तो प्लास्टिकच्या आकड्या सुटण्याचा. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं, पण तो आवाज बरोबर आहे.

झाकण निघालं की आधी फोटो काढा. मग सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, बॅटरीचे स्क्रू त्यानंतर. पिना अजून जोडलेल्या असताना स्क्रूड्रायव्हर निसटून कुठे टेकला तर मदरबोर्ड जाईल. कनेक्टर तीन तऱ्हांचे दिसतात. एक आडवा सरकून निघतो, एक सरळ वर उचलला जातो, एकावर पातळ तारेची कडी असते ती आधी उलटवावी लागते. कुठलाही असो, प्लास्टिकच्या ठोकळ्याला धरा, तारा धरून ओढू नका. काही मॉडेलमध्ये ओढायला कापडी शेपटी दिलेली असते. कनेक्टर सुटल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला भार निघून जाईल.

आता बॅटरीचे स्क्रू काढा. उचलण्याआधी बघा, तिच्यावरून किंवा कडेच्या खाचेतून स्पीकरची तार किंवा टचपॅडची पट्टी केबल जाते का. जात असेल तर आधी ती मोकळी करा. मी एकदा घाईत स्पीकरची तार तोडली आहे, आणि ती जोडायला बॅटरी बदलण्यापेक्षा दुप्पट वेळ गेला.

नवी बॅटरी जागेत ठेवा. ती आपणहून बसली पाहिजे. दाबावी लागत असेल तर खाली काहीतरी अडकलंय किंवा बॅटरी चुकीची आहे. तारा पुन्हा त्यांच्या खाचेत, मग स्क्रू, आणि शेवटी कनेक्टर. झाकण लावा, कडा दाबत फिरा, स्क्रू बेताने पिळा.

पहिल्या वेळी तासभर धरा.

चिकटवलेली बॅटरी असेल तर?

मॅकबुकमध्ये सेल वरच्या पत्र्याला चिकटवलेले असतात. गोंद मऊ करायला रसायन, मग कार्डाने एकेक सेल हळूहळू सोडवणं असं ते काम आहे, आणि त्यात सेल वाकण्याची भीती सतत असते. माझं मत स्पष्ट आहे : घरी करू नका. कंपनीकडे किंवा अधिकृत केंद्रात द्या. काही नव्या लॅपटॉपमध्ये ओढल्यावर लांबत जाऊन निघणाऱ्या पट्ट्या असतात. त्या अगदी आडव्या, सावकाश ओढल्या तर निघतात, पण मध्येच तुटल्या की तोच प्रश्न.

युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांसाठी नवा नियम केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्यासारखी असावी लागेल. काही अपवाद आहेत, पण दिशा योग्य आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क ही चैन नाही, ज्या घरात एक लॅपटॉप दोन भावंडं वापरतात तिथे ती गरज आहे.

नवी बॅटरी बसवली, लॅपटॉप चालूच होत नाही!

चार्जर लावा. बऱ्याच लॅपटॉपना नवी बॅटरी ओळखायला एकदा चार्जर लागतो. तरी नाही झाला तर झाकण उघडून कनेक्टर बघा. दहापैकी आठ वेळा तो अर्धवटच बसलेला असतो. तारीख-वेळ चुकलेली दिसली किंवा झाकण उघडल्याची सूचना आली तर काळजी नको, ती एकदा मान्य केली की पुढे जाता येतं. बॅटरी ओळखलीच गेली नाही तर बायोस अपडेट करून पाहा. पण दुकानदाराकडून बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी हे सगळं करा.

पहिल्यांदा आठ तास चार्ज करायची असते ना?

नाही. तो निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला आहे. एकदा १०० टक्के भरा, मग नेहमीसारखं वापरत ८-१० टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि पुन्हा पूर्ण भरा. यामुळे बॅटरीची ताकद वाढत नाही, फक्त टक्क्यांचा आकडा खरा दाखवायला लागतो. असं एकदाच पुरे.

नवी बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून काय करू?

दोन गोष्टी तिला मारतात : उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या की फारच वाईट. अर्धवट भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर चार-पाच टक्केच घटते, पण पूर्ण भरलेली ४० अंशांत ठेवली तर साधारण एक तृतीयांश क्षमता जाते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत, चार्जर लावून ठेवलेल्या लॅपटॉपचं नेमकं हेच होतं. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीतही तसंच.

म्हणून टेबलावर वापरत असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. लेनोवो, डेल, एचपी, एसुस सगळ्यांनी ही सोय दिली आहे, ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवू नका, हवा कोंडते. पंख्यातली धूळ वर्षातून एकदा काढा. झाकण उघडलंच आहे तर बॅटरी बदलतानाच ब्रशने काढून टाका.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालवला तर?

बरेच चालतात, पण काही मुद्दाम हळू होतात, आणि वीज गेली की न साठवलेलं काम गेलंच. बॅटरी फुगलीय आणि नवी यायला आठवडा आहे, अशा वेळी हा मार्ग ठीक.

भाऊ अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवू का?

मागवू शकता. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत हवी, आणि टोकं झाकलेली हवीत. १०० वॉट-अवरपर्यंत बहुतेक कंपन्या अडवत नाहीत, आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच असतात. मूळ खोक्यातच आणायला सांगा.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेऊ शकते, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो. भंगारवाल्यालाही देऊ नका. तांबं-ॲल्युमिनियमसाठी ती हातोडीने फोडली जाते, बरेचदा घरातल्या पोरांच्या शेजारी बसून.

कनेक्टरच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, बॅटरी कागदी पाकिटात ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला नेऊन द्या. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरने टाळाटाळ केली तर या नियमाचं नाव घ्या. महापालिकांच्या ई-कचरा संकलन मोहिमाही असतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते.

नेऊन देईपर्यंत चांगल्या स्थितीतली बॅटरी मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. डब्याचं झाकण घट्ट लावू नका. फुगलेली असेल तर घरात रात्रभरही नको. गॅलरीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देऊन या.